वॉर्ड न सोडता मिळवलेली डॉक्टरेट

कुमुदताई वर्तक यांची माझी पहिली भेट इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या एका रुग्णालयात, पक्षाघाताच्या वॉर्डात झाली. ऐंशीचे दशक सरत आले होते. त्या वॉर्ड सिस्टर, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख परिचारिका; मी मिरजेहून नुकतीच आलेली स्टाफ नर्स. गोदीत आयुष्य काढलेल्या तिथल्या म्हाताऱ्यांचे इंग्रजी मला कळत नसे आणि पुन्हा विचारायची लाज वाटे. ताईंनी मला बाजूला घेऊन मराठीत सांगितले, "नाही कळलं तर चारदा विचार. चुकीचं दिलेलं औषध परत घेता येत नाही."

ताईंचा स्वभाव काळजीचा. पक्षाघात झालेल्या माणसाला गिळणे अवघड जाते. पाण्याचा घोट श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. अशी माणसे दगावताना ताईंनी पाहिली होती. दुपारच्या जेवणाच्या वेळी त्या स्वतः खाटांमधून फिरत, कोणाला उशीला टेकवून सरळ बसवत, कोणाचा कप काढून घेत. यातूनच त्यांचा प्रश्न तयार झाला: काहीही प्यायला देण्याआधी नर्सनेच रुग्णाचे गिळणे तपासले तर?

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात या प्रश्नासाठी त्यांच्यापुढे दोन वाटा आल्या. केंब्रिजला तीन वर्षांची पूर्णवेळ पीएच.डी. होती, शिष्यवृत्तीसह. दुसरी होती नर्सिंगची नवी डॉक्टरेट. नोकरी सांभाळून, आपल्याच वॉर्डातल्या कामावर करायची. ही पदवी इतकी नवी होती की ती पुढे कोणी मानेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ताईंचे यजमान डॉ. अरविंद भूल देणारे डॉक्टर. त्यांचे मत स्पष्ट होते. "कुमुद, पीएच.डी.ला कोणी नाव ठेवणार नाही. दुसरीचं काय सांगावं?" ताई म्हणाल्या, "अहो, मलाही तीच भीती आहे." लंडनच्या वेम्बलीत एका लग्नात लोकांनी विचारले तेव्हा त्यांनी विषय बदलला.

त्या केंब्रिजला जाऊन आल्या. तिथले प्राध्यापक सज्जन निघाले, त्यामुळे पेच वाढलाच. एक्स-रे घेऊन गिळण्याच्या स्नायूंचा अभ्यास करावा, असे त्यांनी सुचवले. रुग्णाला कोण भरवते, कसे भरवते, हे त्यात येईल का, असे ताईंनी विचारले. प्रश्न महत्त्वाचा आहे, पण या अभ्यासात मावणार नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

कँटीनमध्ये चहा गार होत होता तेव्हा ताई मला म्हणाल्या, "तिकडे गेले तर पक्कं उत्तर मिळेल, पण ते इथे खाटेपर्यंत आणणार कोण? आणि इथेच राहिले तर मिळालेलं उत्तर खरं, की माझीच इच्छा, हे मला कोण सांगणार?" पुढे आठवडाभर त्यांना धड जेवण गेले नाही. शेवटी त्यांनी वॉर्ड निवडला.

अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षी ज्याची धास्ती होती तेच घडले. आमच्या गिळण्याच्या तपासणीत उत्तीर्ण झालेल्या एका वृद्ध गृहस्थांना न्यूमोनिया झाला. ताईंनी त्याच दिवशी अभ्यास थांबवला. कन्सल्टंटना, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरांना, आणि विद्यापीठाला कळवले. रुग्णाच्या मुलीसमोर बसून सगळे स्वतः सांगितले. बाहेर आल्यावर "लांबून अभ्यास केला असता तर हे माझ्या हातून झालं नसतं," एवढेच त्या बोलल्या.

चौकशीत उलगडा झाला. सकाळची तपासणी बरोबर होती. पण संध्याकाळी रुग्णाला गुंगी आली आणि पुन्हा तपासायचे आमच्या पद्धतीतच नव्हते. गुंगी वाढली की तपासणी पुन्हा, असा नियम आला आणि परवानगीनंतर काम पुढे सुरू झाले. ते गृहस्थ सावकाश बरे झाले. प्रबंधात ताईंनी या प्रसंगावर पूर्ण प्रकरण लिहिले. गाळण्याचा सल्ला मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही. परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्याच प्रकरणावर प्रश्न विचारले. पदवी मिळाली.

पुढे तोच पेच माझ्यापुढे आला. ताई आपलीच वाट दाखवतील, असे मी धरून चालले होते. माझा प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "तुझ्या प्रश्नाला अनेक रुग्णालयं लागतील. तू पीएच.डी. कर." माझ्या पीएच.डी.च्या पहिल्या मुलाखतीला त्या साउथहॅम्प्टनहून माझ्याबरोबर ट्रेनने आल्या आणि मी बाहेर येईपर्यंत कॉरिडॉरमध्ये बसून राहिल्या. माझ्यापेक्षा त्याच जास्त घाबरल्या होत्या.

ताई आता पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, अरविंदरावांची सोबत लाभत राहो. चिंतामुक्ती मात्र मी मागणार नाही. त्यांनी काळजी वाहिली म्हणून कितीतरी माणसे आपल्या पायांनी घरी गेली.