नव्या पत्त्याची शिकवणी

माझी नात दुसरीत आहे. तिच्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास ना पाढ्यांचा, ना कवितांचा. त्या तासाला बाई मुलांना बुटाची नाडी बांधायला लावतात, जेवलेलं ताट विसळायला लावतात, फोन नंबर पाठ म्हणून घेतात. हे कळलं तेव्हा मी सुनेला म्हटलं, "ताट विसळायला शाळा कशाला पायजे? आमी घरातच शिकलो ना?" सून भाजी निवडत राहिली. माझ्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे माझ्याशी वाद घालण्यात कोणी वेळ दवडत नाही.

मग एका संध्याकाळी नातीने वही पुढे केली. 'माझी माहिती' असं पान होतं. नाव, आईचा नंबर, आजोबांचा नंबर, सगळ्यावर बरोबरची खूण. पत्त्यावर मात्र लाल गोल, आणि खाली 'घरी विचारून पुन्हा लिही'. पत्ता तिने मलाच विचारून लिहिला होता. मी आमच्या गावाचं नाव सांगितलं होतं, मुक्काम पोस्ट अमुक, तालुका पनवेल. तो गोल बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमचा गाव विमानतळासाठी उठला. घर, विहीर, गावदेवीचं देऊळ, भाताची खाचरं, सगळं सपाट झालं. बदल्यात नव्या वसाहतीत प्लॉट मिळाला, त्यावर आम्ही घर बांधलं. घर चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. नळाला पाणी येतं, मुलगा न्हावा शेव्याच्या बंदरावर ट्रेलर चालवतो, त्याला रस्ताही जवळ पडतो. पण त्या घराचा पत्ता म्हणजे नुसते आकडे. सेक्टर इतका, प्लॉट इतका. मी जुना मॅट्रिक. माझ्या एकेका खाचराचा सर्व्हे नंबर मला आजही तोंडपाठ आहे. हा पत्ता मात्र मी शिकलो नाही, कारण मला शिकायचाच नव्हता. वाटायचं, ज्या दिवशी हे आकडे आपल्या तोंडातून निघतील त्या दिवशी आपला गाव खरोखर मेला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन उभा राहिलो. बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी आवाज चढवूनच सुरुवात केली, "आमचा गाव चुकीचा हाय काय?"

"गाव चुकीचा नाही, आजोबा," त्या म्हणाल्या. "पण उद्या पोर हरवली तर रिक्षावाला तिला कुठे नेऊन सोडेल?"

"आमची पोर हरवत नाय," मी म्हटलं आणि तरातरा बाहेर पडलो. माझ्या माघारी बाईंनी नातीला आईकडून नवा पत्ता लिहून आणायला लावला आणि पाठ करून घेतला. मला कोणी सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी, रविवारी, मी नातीला घेऊन पनवेलच्या बाजारात गेलो. सुकट घ्यायची होती आणि तिच्या वह्यांना कव्हरं. सून गोदामात कामावर, मुलगा गाडीवर. बाजारात आमच्या गावचा, अगदी समोरच्या घरातला शेजारी भेटला. गाव उठल्यापासून पहिल्यांदाच. मग काय, कोण कुठे राहायला गेलं, कोण वारलं, गावदेवीच्या जत्रेत एकदा मांडव कसा कोसळला होता, बोलता बोलता आम्ही दोघेही गावात जाऊन पोचलो. मी कधी नातीचा हात सोडला मला कळलंच नाही. खाली बघितलं तर हातात नुसती सुकटीची पिशवी.

तोंडचं पाणी पळालं माझ्या. शेजारी एका बाजूला धावला, मी दुसऱ्या. भाजीवाल्या, फुलवाल्या, जो दिसेल त्याला विचारत सुटलो. लाल फ्रॉक, दोन वेण्या, एवढंच तोंडातून निघत होतं. सुनेला काय सांगणार होतो मी? गावच्या गप्पांत तुझी पोर हरवली?

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज. "काका, तुमची नात हरवलीय का?"

"हो, हो. कुठाय ती?"

"आधी तुमचा पत्ता सांगा."

मी गावाचं नाव सांगितलं. सवयच ती.

"हिने असं नाही सांगितलं. आणि तो गाव तर आता नाही."

"अहो, ती माझीच नात हाय."

"असं कुणीही म्हणेल, काका. पोरीने नंबर चुकीचा सांगितला असला तर? पत्ता सांगा, मग दुकान सांगते."

मी 'सेक्टर' म्हटलं आणि थांबलो. पुढचा आकडा येईना. भर बाजारात कानाला फोन लावून मी उभा, आणि माझं घर कुठे आहे ते मला सांगता येत नव्हतं. त्या बाईचा राग आला नाही. ती बरोबरच वागत होती. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मग फोनमधून नातीचा आवाज आला. ती त्या बाईला समजावत होती. "मावशी, तो माझा आजाच हाय. त्याला नवा पत्ता येत नाय. त्याचा गाव तोडला ना, म्हणून तो शिकत नाय. मी शिकवीन त्याला."

तेव्हा कुठे त्या बाईने दुकान सांगितलं. दोन गल्ल्या सोडून होतं, बांगड्या-पिनांचं. पोर स्टुलावर बसून बिस्किट खात होती. रडलो मीच. ती म्हणाली, "बाईंनी सांगितलंय, हात सुटला तर धावत सुटायचं नाय. ज्या दुकानात मावशी बसलेली असंल तिथं जायचं, नंबर सांगायचा." दुकानवाली म्हणाली, "मी विचारायच्या आधी हिने दोन नंबर सांगितले. पहिला लागला नाही." तो सुनेचा. गोदामात कामावर असताना फोन काढून घेतात.

सोमवारी शाळेत गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं, काही न लपवता. "चूक माझी," असं मी म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडून शेवटचे कधी निघाले होते, देव जाणे. बाई हसल्या नाहीत. नातीची वही काढून त्यांनी पत्त्याखाली आणखी एक ओळ आखली, 'मूळ गाव', आणि पेन माझ्या हातात दिलं. गावाचं नाव मी स्वतः लिहिलं.

त्या संध्याकाळपासून माझी शिकवणी सुरू झाली. मास्तरीण फार कडक. अडखळलो की पहिल्यापासून, आणि पुढचा शब्द सुचवायचा नाही हा तिच्या बाईंचा नियम. तीन दिवस मी सेक्टर आणि प्लॉटची अदलाबदल करत राहिलो. चौथ्या दिवशी पिन कोडासकट एका दमात म्हणून दाखवला. छातीत थोडं दुखलं, पण गाव काही मेला नाही.

नातीने माझ्या हाताच्या पंजावर पेनाने बरोबरची खूण केली आणि म्हणाली, "आता तू हरवलास तरी काय नाय, आजा. कोणी पण तुला घरी आणून सोडंल."