ओंकारची बाईक आणि माझा ट्रॅफिक

परवाचा अख्खा शनिवार गाझियाबादमध्ये गेला… एका गॅरेजमध्ये, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून. समोर ओंकारची बाईक उघडून ठेवलेली होती.

ओंकार म्हणजे आमचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि जाताना आपली लालभडक, साडेसहाशे सीसीची स्पोर्ट्स बाईक दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवून गेला. दोन वर्षांत परत येतो म्हणाला होता.

निघताना एकच सांगितलं, बाईककडे लक्ष ठेवा, बॅटरी उतरू देऊ नका. आता मी पडलो केंद्र सरकारचा माणूस… सांगितलेलं काम नेमाने करणारा. दर रविवारी चहा झाला की खाली जायचं, बाईक स्टँडवरच स्टार्ट करायची, घड्याळ बघून बरोबर दहा मिनिटं शेजारी उभं राहायचं आणि वर यायचं. तीन वर्षांत एक रविवार चुकवला नाही.

गेल्या महिन्यात वाटलं, नुसती उभी करून काय ठेवायची, ऑफिसला घेऊन जाऊ या. आणि धौला कुआँच्या जाममध्ये तिने माझी पार दमछाक केली. क्लच सोडला की उडी मारायची, दाबला की गचकन थांबायची… पहिल्या गिअरमध्येसुद्धा तिला पळायचंच असतं. डावा हात भरून यायचा, इंजिनाच्या झळांनी मांड्या भाजून निघायच्या, आणि बाजूने स्कूटरवाले आरामात गप्पा मारत पुढे जायचे.

एकदा सिग्नल सुटला आणि ती ओळीने तीनदा बंद पडली. मागून एकजण म्हणाला, “अंकल, ये बच्चों की चीज है, घर पे छोड़ के आया करो.” खोटं कशाला बोलू, लागलं मला.

म्हणून गाझियाबाद गाठलं. तिथले त्यागीजी हे ओंकारचे जुने मेकॅनिक, बाईक पहिल्यापासून त्यांच्याच हाताखालची. मी माझा रविवारचा नेम त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितला. त्यांनी प्लग काढून माझ्यासमोर धरले… काजळी धरून काळेकुट्ट झालेले.

“सरजी, खड़े-खड़े दस मिनट में इंजन ढंग से गरम भी नहीं होता. हफ्ते में एक बार घुमा लाते, बस.” माझी तीन वर्षांची निष्ठा अशी त्या प्लगवर जमून बसली होती.

प्लग बदलले, चेनचा ताण नीट केला, क्लचच्या केबलला तेल दिलं, माझ्या आखूड बोटांसाठी लिव्हर जवळ आणला. पण खरा उपाय वेगळाच होता… पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं छोटं दातेरी चाक. ते एका दाताने लहान बसवलं की जाममध्ये गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. बदल्यात वरचा वेग थोडा जातो. “आपको कौन सा जयपुर भागना है,” त्यागीजी म्हणाले.

मला नव्हतंच जायचं. पण ओंकार जायचा ना… पहाटे उठून, मित्रांबरोबर, जयपूर रोडवर पराठे खायला. उद्या तो आला आणि बाईक पूर्वीसारखी पळाली नाही तर? म्हटलं, थांबा, त्याला विचारतो.

मनातून वाटत होतं, नाही म्हणेल. हीच बाईक मी एकदा जुन्या फडक्याने पुसली, तर टाकीवर चरे पडले म्हणून तो दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बिल्कुल बदला बाबा, मला काय विचारता? आता तुम्हीच चालवणार ना.”

अगदी प्रेमाने म्हणाला. मी हो हो करत फोन ठेवला. तो चिडला असता ना… तर मी आनंदाने बाईक तशीच परत आणली असती. पण त्यागीजी पाना घेऊन वाट बघत होते, मी मान हलवली.

परतताना नेहमीचा जाम लागला. त्यागीजींनी शिकवल्याप्रमाणे मागचा ब्रेक किंचित दाबून ठेवला, क्लचला फारसा हात लावावाच लागला नाही. ना उडी, ना गचका. इतकी शहाण्यासारखी चालत होती, आणि मला हेल्मेटमध्ये रडू येत होतं… काच वर करून डोळे पुसायलाही जागा नव्हती त्या गर्दीत.

बाईक नवी घेतली त्या दिवशी ओंकारने हट्टाने मला मागे बसवून सरोजिनी नगरला नेलं होतं. तिथल्या सरकारी क्वार्टर्समध्ये तो लहानाचा मोठा झाला, जुन्या शेजाऱ्यांना बाईक दाखवायची होती त्याला. जाऊन-येऊन दीड तास लागला असेल. तेवढ्या वेळात मी त्याच्याशी एकच वाक्य बोललो… हळू चालव. पुन्हा पुन्हा तेच. त्यानंतर त्याने मला कधी बसा म्हटलं नाही, आणि बसतो म्हणायचं मलाही सुचलं नाही.

आता बाईक हळू चालते. मला हवी होती अगदी तशी. चालवतो मात्र मी.

ओंकार, हे वाचशील तेव्हा एक सांगायचं राहिलंय… त्या दिवशी तू फार छान चालवली होतीस रे.