देव विचारतो

माझी आई सोलापुरातल्या एका दवाखान्यात नर्स होती. तिच्या वॉर्डातली आया, जिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो, आई निवृत्त झाल्यावरही रविवारी दुपारी आमच्याकडे यायची. आम्ही ख्रिस्ती. ती मंगळवेढ्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. चर्चमधून आलो की भाकरी आणि शेंगाचटणी व्हायची, वॉर्डातल्या गप्पा व्हायच्या. देवाधर्माचं बोलणं क्वचितच निघायचं.

तिची एकुलती एक मुलगी मोहोळजवळच्या एका गावात दिली होती. एके दिवशी निरोप आला की मुलगी पाय घसरून विहिरीत पडली. डोक्याला लागलं होतं, ते दगडावर आपटल्यामुळे असं सगळे म्हणाले. अपघात म्हणून प्रकरण मिटलं. मावशीला मात्र ते पटेना.

"सिस्टर, मेंढरांमागं फिरताना ती कुटल्या कुटल्या विहिरीत उड्या मारायची. मासोळीवानी पवायची. ती पाय घसरून मरंल व्हय?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुमचा देव गाऱ्हाणं ऐकतो म्हनता. मग माझंच का न्हाय ऐकत?"

मला वाटलं, आई आता धीराचं काहीतरी बोलेल. पण तिनं बायबल मांडीवर घेतलं आणि न उघडताच, आपल्या शब्दांत, जगातल्या पहिल्या दोन भावांची गोष्ट सांगितली. थोरल्यानं धाकट्याला शेतात नेऊन मारलं. बघायला कुणी नव्हतं. मेलेला तर बोलू शकत नव्हता. पण त्याचं रक्त मातीतून ओरडत होतं आणि ते देवाला ऐकू गेलं.

"मग देवानं काय केलं?"

"थोरल्याला विचारलं, तुझा भाऊ कुठे आहे?"

"म्हंजी देवाला ठावं नव्हतं?"

"ठाऊक होतं. तरी विचारलं."

मावशीनं पदर खोचला. "मग मी बी इचारती," एवढंच म्हणाली.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. जगातल्या पहिल्या खुनाची गोष्ट, एवढीच ती माझ्या लेखी होती. माणूस मेल्यावरही त्याची हाक थांबत नाही आणि ती ऐकून देव स्वतः चौकशीला येतो, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघी एसटीनं त्या गावाला गेलो. जावई अंगणात बाजेवर बसला होता. त्याची आई दारात उभी होती. मावशीनं आवाज चढवला नाही.

"माझी पोर कुटं हाय?"

तो हसला. "म्हातारे, डोकं फिरलं का तुझं? मी काय तिचा राखणदार हाय व्हय?"

आईनं माझा हात घट्ट धरला. गोष्टीतल्या थोरल्या भावानं देवाला हेच उत्तर दिलं होतं. मावशीला आईनं ते सांगितलं नव्हतं आणि या माणसानं आयुष्यात कधी बायबल पाहिलं नसावं.

त्यानंतर मावशी सुट्टीच्या दिवशी एकटीच जाऊ लागली. तोच प्रश्न विचारायची आणि परत यायची. लोक हाकलायचे, शिव्या द्यायचे. जावयाची आई मात्र दारात मान खाली घालून उभी राहायची.

आणि एका दुपारी तीच बाई पत्ता विचारत विचारत दवाखान्यात आली. मावशी तिला आमच्या घरी घेऊन आली. बसायलाही ती तयार होईना.

"इहीणबाई, मी बगितलंय. त्यानंच डोस्क्यात घातलं अन् मग लोटलं. पोटचा हाय म्हून गप बसले. पर तुमी इचारून गेला की घर खायला उटतंय. चुलीम्होरं बसलं तरी त्योच सवाल ऐकू येतोय."

मावशी उठली. ती आता हिला मारते की काय, अशी मला भीती वाटली. तिनं तांब्याभर पाणी आणून समोर धरलं. "पानी पी. अन् चल, ठान्यात सांग."

"व्हय. सांगती की."

कोर्टातही तिनं सांगितलं. कुणाच्या दबावाखाली बोलताय का, असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा म्हणाली, "न्हाय साहेब. उभ्या जल्मात मला कुनी कायच इचारलं न्हवतं. हिनं इचारलं." पोटच्या मुलाकडे तिनं एकदाच पाहिलं आणि ती खाली बसली. त्याला जन्मठेप झाली.

निकालानंतर मावशी आमच्याकडे आली, पण आनंद असा तिच्या चेहऱ्यावर नव्हता. चहा घेता घेता तिनं विचारलं, "सिस्टर, त्या थोरल्या भावाचं म्होरं काय झालं?"

"देवानं त्याला देशोधडीला लावलं. मग तोही रडला, म्हणाला, मला आता कुणीही मारून टाकेल. तेव्हा त्याला कुणी मारू नये म्हणून देवानं त्याच्यावर खूण केली."

"त्याचं बी ऐकलं?"

"त्याचंही ऐकलं."

मावशीनं कप खाली ठेवला. "लई मोटं हाय ह्ये, सिस्टर. मला न्हाय झेपायचं."

"मलाही नाही झेपत," आई म्हणाली.