विमलमावशींचे डोळे शाबूत आहेत

आज दुपारी देवासला मंडळाच्या कार्यक्रमात जे होते, त्यांनी हे नक्की वाचा.

बॅनर मी केला होता. ठळक सेरिफ फॉन्ट, उभे दांडे जाडजूड, वळणं केसाएवढी बारीक. रस्त्यावरूनही वाचता येत होता. "भिया, एकदम शाही दिसतोय," असं दोघातिघांनी म्हटलं आणि मी फुगलो.

सत्काराचं मानपत्रही मी त्याच फॉन्टमध्ये छापलं होतं. एका पानात बसावं म्हणून अक्षर लहान केलं. असला फॉन्ट लहान केला की बारीक रेषा उडतात आणि मधल्या जागा शाईने भरतात. हे मला माहीत होतं.

मानपत्र दरवर्षी विमलमावशी वाचतात. निवृत्त शिक्षिका आहेत, त्यासाठी धारहून बसने येतात. आज दुसऱ्याच ओळीला अडखळल्या. चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला, तरी जमेना. मागे कोणीतरी म्हणालं, "वय झालं आता."

कागद माझ्याकडे देत त्या हळूच म्हणाल्या, "डोळे गेले रे माझे. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला सांग हं."

उरलेलं मी वाचलं. मजकूर माझाच, त्यामुळे जवळपास पाठ होता. टाळ्या मला मिळाल्या.

समोर माइक होता. "चूक माझ्या फॉन्टची आहे" एवढंही मी बोललो नाही.

मावशी आत्ता धारच्या बसमध्ये असतील. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. तरी फोन त्यांना करायचा सोडून मी तुम्हाला लिहीत बसलोय.