चहाचा त्याग

आमच्या मंडळीत उपासकाळ आला की प्रत्येक जण काहीतरी सोडतो. ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस कोणी मटण सोडतं, कोणी मालिका. प्रभूने आपल्यासाठी जे सोसलं त्याची आठवण नुसती तोंडात न राहता थोडी अंगालाही लागावी, हा हेतू.

मागच्या वर्षी मी चहा सोडला. आता गुपचूप सोडला असता तर तो मी कसला? प्रार्थनासभेत उभा राहिलो, खिडकीबाहेर दूर कुठेतरी पाहिलं, आवाज खाली आणला आणि जाहीर केलं. किडनी दान करतोय अशी शांतता पसरली. आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, सहसा कोणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी तरुण मंडळींकडे वळून माझ्याकडे बोट दाखवलं. मी नम्रपणे मान खाली घातली. ती मी आदल्या दिवशी आरशासमोर घालून पाहिली होती.

पहिला आठवडाभर डोकं ठणकत होतं. मला फार बरं वाटलं. कपाळाला रुमाल बांधून घरभर हिंडलो, आल्यागेल्याला विचारायची संधी दिली. पत्नी ऑफिसला निघताना म्हणाली, "अहो, त्याग तुम्ही करताय आणि सोसतोय आम्ही."

तिसऱ्या आठवड्यात तिनेच मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि चहाचा डबा उघडून दाखवला. पूड तशीच होती. ती स्वतः कॉफी पिते. म्हणजे पप्पाही चहा घेत नव्हते.

माझे वडील आमच्याकडेच असतात. आई गेल्यापासून घरातलं एकच काम त्यांनी आपल्याकडे ठेवलंय. दुपारी चार वाजता आलं ठेचून दोघांचा चहा करायचा, खारी काढायची आणि बाल्कनीत मला हाक मारायची. माझं काम घरूनच चालतं. खारी बुडवता बुडवता ते आईबद्दल बोलतात. एरवी दिवसभर बोलत नाहीत. आणि मी माझ्या डोकेदुखीत इतका रंगलो होतो, की चारची हाक येत नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यांच्या खोलीत गेलो. भिंतीकडे तोंड करून पडले होते. चहा का सोडला, विचारलं.

"सोडला कुठे? एका कपासाठी गॅस कोण पेटवतो."

तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. प्रभूने दुःख काही हौसेने ओढवून घेतलं नव्हतं; ते कोणासाठी तरी होतं. माझ्या त्यागाकडे बघावं तर चहा माझा सुटला होता आणि चार वाजता उठायचं कारण पप्पांचं गेलं होतं.

त्या संध्याकाळी प्रार्थनासभा नेमकी आमच्याच घरी होती. मी पप्पांना सगळ्यांसाठी चहा करायला सांगितलं. ते उठले. आल्याचा वास आला. ट्रे घेऊन ते स्वतः फिरले, सगळ्यांना कप दिले आणि माझ्या हातात कोमट पाण्याचा पेला ठेवला.

आता गुपचूप आत जाऊन प्यायची सोय होती. पण गुपचूप पिणाऱ्याला चारची हाक कोण मारणार? पप्पांनी आज ट्रे खाली ठेवला असता, तर तो उद्या उचलला नसता.

"पप्पा, माझा कप?"

"आणि उपास?"

"मोडला."

खोलीत पुन्हा तीच शांतता. या वेळी माझी मान आपोआप खाली गेली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तिसऱ्याच आठवड्यात वधस्तंभावरून उतरलात म्हणायचं."

मी एवढंच सांगितलं, की पप्पांना सोबत हवी आहे. बाईंनी आपली खारी उचलून माझ्या हातात ठेवली. चर्चचे पाळकसाहेब मात्र हसत म्हणाले, की उरलेल्या दिवसांत मी बोलणं सोडून पाहावं. मी म्हणालो, इतकं तर प्रभूही मागत नाही.

पप्पा आतून माझा कप घेऊन आले. मी पहिला घोट घेईपर्यंत समोर उभे राहिले.

"आलं संपलंय," ते म्हणाले. "उद्या मंडईतून आण. चारच्या आत ये."