अळीला बांधलेला केस

बोलता बोलता ती पदराखाली हात घालायची, डोक्यावरचा एक लांब केस उपटायची आणि दातांत धरून ताणून पाहायची. तुटला नाही की खूश. समोर मुख्याध्यापिका असोत की भाजीवाली, तिला काही फरक पडत नसे. तो केस अळीला बांधायचा असे.

आम्ही दोघी नागपुरात एकाच मुलींच्या शाळेत शिकवत होतो, ती सायन्स आणि मी इतिहास. महाल भागात आमची घरंही भिंतीला भिंत लागून. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. ती विधवा होती. सासऱ्यांनी तिला शिकू दिलं, नोकरी करू दिली. पण केशवपन न करता तिनं केस ठेवले होते, म्हणून त्या घरात तिच्या हातचं पाणी कोणी घेत नसे. सासूबाई आपला तांब्या आपणच भरून घ्यायच्या. "मला काय, तेवढंच काम कमी," असं ती म्हणायची आणि खरंच निवांत बसायची.

त्यांच्या मागच्या अंगणात संत्र्याचं झाड होतं. त्यावरच्या हिरव्या अळ्या ती मिठाईच्या खोक्यात पाळायची आणि एखादीच्या कमरेला केस आवळून बांधायची. दोऱ्यानं कातडी कापते, केसानं नाही. काही दिवसांनी तिनं मला खोकं उघडून दाखवलं. अळीचा पुढचा अर्धा भाग कोष झाला होता, वाळक्या पानासारखा. मागचा अर्धा तसाच हिरवा, लुसलुशीत. मला शिसारी आली आणि मी तसं तोंडावर सांगितलं.

"डोक्याकडून काहीतरी रक्तात उतरतं," ती म्हणाली. "बदलायची वेळ झाली, असा निरोप. केसापलीकडे रक्त गेलं नाही, म्हणून निरोपही गेला नाही."

"मज्जातंतूंमधून जात असेल."

"काहून? दुसऱ्या अळीचा मज्जातंतू कापला मी, केस बांधलाच नाही. ती अख्खी बदलली."

तिचं हे 'काहून', म्हणजे 'का म्हणून', कुणालाच चुकत नसे. एका विलायती मासिकात तिनं वाचलं होतं की, किड्याच्या डोक्यामागच्या बारीक गाठीतला रस मादीच्या पोटात अंडीही वाढवतो. तिनं ते वर्गात सांगून टाकलं. कुणाचे तरी वडील तक्रार घेऊन आले. मुख्याध्यापिकांनी बोलावलं तर ही म्हणते, "काहून? मुलींनी अंडी पाहिली नाहीत का?"

तिला छळणारा प्रश्न मात्र वेगळाच होता. रक्त अंगभर सारखंच फिरतं, मग पंख ठरल्या जागीच का फुटतात? "निरोप सगळ्यांनाच जातो," ती म्हणायची. "ऐकू येणारे थोडे. ते कसे ऐकतात, हे मला शोधायचं आहे."

एकदा ती शाळेत असताना सासूबाईंनी मला भिंतीवरून हलकेच हाक मारली. खोकं त्यांच्या हातात होतं.

"काय वं, ही मागची अर्धी जिवंत आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "पण आता अशीच राहणार."

त्यांनी झाकण लावलं आणि आत गेल्या.

त्याच हिवाळ्यात सासऱ्यांचे गुरुमहाराज घरी यायचे ठरले. केस ठेवलेली विधवा ज्या घरात, तिथं ते अन्न घेत नसत. सासऱ्यांच्या थोरल्या मुलानं न्हाव्याला बोलावून संत्र्याखाली बसवलं. मी भिंतीशी उभी होते आणि तिथून हलायचा माझा मुळीच विचार नव्हता.

सासरे म्हणाले, "एवढं माझ्यासाठी कर."

"मामंजी, केस मला कामाला लागतात," ती म्हणाली आणि खोकं उघडून पुढे धरलं.

सासऱ्यांनी तोंड फिरवलं. न्हावी मात्र वाकून पाहू लागला. "अर्धीच काहून झाली हे, बाई?" तिनं त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. थोरल्याचा चेहरा लाल झाला.

"मग दुसरं घर पाहा," सासरे म्हणाले.

"बरं."

संध्याकाळपर्यंत ती शाळेच्या बोर्डिंगात होती. ट्रंकेचं एक कडं तिच्या हातात, दुसरं माझ्या. खोकं तिनं टांग्यात मांडीवर घेतलं. महालातून जाताना पदर खांद्यावरच होता, आणि लोक बघतात म्हणून ती सावकाश हाकायला सांगत होती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढे तिला जबलपूरच्या एका कॉलेजात जागा मिळाली. पहिल्याच पावसाळ्यात ती तिथं विषमज्वरानं गेली. तिचा प्रश्न तसाच राहिला. मला त्याचा अजून राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही.

मग काही वर्षांनी सासरे गेले. दहाव्या दिवशी सकाळी सासूबाईंचे केस उतरवायला तोच न्हावी त्याच अंगणात येऊन बसला. भाऊबंद ओट्यावर जमले होते. सासूबाई न्हाऊन बाहेर आल्या. पांढरे केस कमरेपर्यंत मोकळे. त्या घरात त्यांना मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"कोणी बोलावलं गा तुले?"

"थोरल्या भाऊनं, मायबाई."

"मग त्याचीच कर," सासूबाई म्हणाल्या आणि केस पुसत आत गेल्या.