डावा बदामी, उजवा बिस्किटी

कुंदावहिनींच्या घरी गेलं की पाणी मिळायच्या आधी भिंतीपुढे उभं राहावं लागे. बैठकीच्या भिंतीवर ताटाएवढे रंगाचे दोन पट्टे. "डावा बदामी, उजवा बिस्किटी. बोला, कुठला?" आता दोन्ही इतके सारखे की बघता बघता डोळ्यांना पाणी यावं. पण चंदीगडात आम्ही मराठी घरं मोजकीच, म्हणून मी आपलं काहीतरी सांगायची. की लगेच, "आता ट्यूबखाली बघा. आता खिडकी उघडून बघा." कर्फ्यू लागून कुणी त्यांच्याकडे अडकलं की वहिनींना आनंदच. "बरं झालं, आज कुणी घाईनं मत देणार नाही!"

पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस, फार वाईट होते हो. सकाळी पेपर उघडायला हात धजत नसे, अंधार पडायच्या आत सगळी घरात. कोल्हापूरहून वहिनींच्या थोरल्या दिरांचे सारखे फोन, घर विका नि निघून या. वहिनींचे यजमान कॉलेजात केमिस्ट्री शिकवत, आम्ही त्यांना सरच म्हणायचो. सरांनी ठरवलं, आधी घर रंगवायचं, मग विकायचं. वहिनी म्हणाल्या, "जायचं तुम्ही ठरवलंत, रंग मी ठरवणार." सर हो म्हणाले. त्याला वर्ष होऊन गेलं. पेंटर दारात आला की वहिनींचं ठरलेलं, "भैया, रंग है, सब्जी थोडी है, बिगडी तो कल दूसरी बना ली!"

एकदा मी वैतागलेच. "वहिनी, मला मेलीला दोन्ही एकच दिसतात."

त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं नि दार लोटलं. "एकच आहे गं. एकाच डब्यातला. डावीकडं एक हात मारलाय, उजवीकडं दोन." "मग हा खेळ कशाला?" मी विचारलं. "तिकडं गेले की मी पुन्हा धाकटी जाऊ. रोज उठून थोरलीला विचारायचं, आज डाळ कुठली शिजवू. इथं मी सगळ्या सेक्टरची कुंदाजी आहे. भीती वाटते गं, नाही असं नाही. पण गोळी एखादवेळ चुकते, जाऊबाई चुकत नाहीत."

पुढं आमची बदली झाली. निरोप घ्यायला गेले तर वहिनी बाजारात. सर फोनवर भावाशी बोलत होते, "हो दादा, माझी तयारी आहे. पण हिचा रंगच ठरत नाही, काय करू?"

फोन ठेवून ते भिंतीकडे बघून हसले. "डावीकडं एक हात कमी आहे, ते मला पहिल्याच दिवशी दिसलं. मलाही कुठं जायचंय हो? पण हिला सांगू नका. निर्धास्त झाली की दुसऱ्याच दिवशी भिंत रंगवून घेईल, मग दादाला मी काय सांगू?"